देवळाखालची जमीन

मी, सुंदरबाई भ्रतार जीवराम चौधरी, वय साठीच्या आतबाहेर, धंदा शेती, राहणार मौजे वडनेरी, तालुका यावल, जिल्हा पूर्व खानदेश, हा कागद माझ्या मरणानंतरच्या व्यवस्थेसाठी आज राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्मायचा आहे. पाय सुजतात, चार पावलांत दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. तशी खात्री करून घ्यायला लीलाधर वकिलांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या कोटाचे बटण एक घर चुकले आहे, तेही सांगितले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. या कागदातले कायद्याचे शब्द त्यांचे आहेत, बाकीचे माझे. मी माहेरी फैजपूरला चौथीपर्यंत शिकले आहे आणि माझे अक्षर माझ्या पुतण्यापेक्षा चांगले आहे.

कलम १. माझे यजमान जीवराम सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या भावाशी वाटण्या त्याआधीच झाल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या वाट्याची जमीन, घर, विहीर आणि विहिरीवरचे इंजिन माझ्या नावावर आले. विधवेने जिवंत असेपर्यंत खावे आणि मेल्यावर सगळे भाऊबंदांना सोडून जावे, असा पूर्वीचा कायदा होता. तो आता बदलला असून ही मिळकत सर्वस्वी माझी आहे, मला वाटेल त्याला मी ती देऊ शकते, असे वकील म्हणतात. ज्यांनी हा कायदा केला त्यांचे भले होवो. पुतण्या बन्सीलाल याला तो अजून पटलेला नाही, म्हणून मी हे वाक्य वकिलांकडून पुन्हा एकदा वाचून घेतले.

आम्हाला एकच मुलगा झाला. तो पाच वर्षांचा असताना विषमज्वराने गेला. त्या आजारात मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आमच्या ओसरीवर ठाण मांडून बसल्या होत्या. शेवटी त्याचे डोळे त्यांनीच मिटले आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे मिशनविषयी जे येणार आहे ते वाचून कोणी असे म्हणू नये, की म्हातारीच्या मनात त्या लोकांविषयी आधीपासून अढी होती. अढी नव्हती. माया होती, म्हणून तर एवढे लागले.

कलम २. मला अग्नी बन्सीलालने द्यावा. तो आळशी आहे, पण हक्क त्याचा आहे आणि एवढे काम तो करील. तेराव्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करावी. शिऱ्यात तुपाची कंजुषी करू नये. माझ्या सासूच्या तेराव्याचा शिरा कोरडा झाला होता, त्याबद्दल लोक मला अजून ऐकवतात. मला उचलण्याआधी प्रमिला माझ्याजवळ बसून तिच्या देवाची प्रार्थना करील. तिला मध्येच कोणी उठवू नये. तिची प्रार्थना लांबते, पण त्या दिवशी मला कुठे जायची घाई नसणार.

कलम ३. नाल्यापलीकडची कापसाची जमीन आणि बैलजोडी बन्सीलालला द्यावी. केळीचा मळा त्याला देत नाही. प्रमिला आमच्या घरी राहायला आली तेव्हा त्याने चार माणसांत मला विचारले होते, "काकू, आता तुमच्या घरचं पानी प्यावं का नही?" मी त्याला पाणी दिलेच नाही. ताक दिले. ते तो गटागटा प्याला आणि आणखी मागितले. तरीही यजमान गेले त्या वर्षी न सांगता त्याने आमच्या मळ्याला पाणी भरले, हे मी विसरलेले नाही. बैल त्यासाठी आहेत.

माझी सोन्याची पोत आणि तांब्याचा मोठा हंडा बन्सीलालची बायको कुंदाबाई हिला. बाहेर ती नवऱ्याची री ओढते, पण प्रमिलाला गोवर निघाला होता तेव्हा मागच्या दाराने रोज कढी आणून देत असे. बन्सीलालला हे आज कळेल. कळू दे.

कलम ४. आता प्रमिला कोण, ते लिहिते.

आमच्या मळ्याला लागून मिशनचे आवार आहे. त्यात मुलींचे बोर्डिंग आहे आणि कडेला प्रार्थनेचे देऊळ. प्रमिलाचे आई-बाप ख्रिस्ती. आई लवकर गेली, बाप भुसावळला रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो पटकीने गेला. पोर बोर्डिंगात वाढली. सन एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर एका दुपारी मी मळ्यात भाकरी घेऊन चालले होते. शेवरीच्या कुंपणाजवळ, केळीच्या दोन ओळींमध्ये, वाळलेल्या पानांवर ती बसली होती. तेरा वर्षांची असेल. मी म्हटले, "कोन वं तू?" तर दोन्ही हात पुढे करून दाखवत म्हणाली, "मी काहीच तोडलं नाही, बाई."

तिला वाटले, मी केळी चोरल्याचा आळ घेते आहे. मी काही विचारले नाही. यजमानांच्या वाट्याची भाकरी आणि ठेचा तिच्यापुढे ठेवला. तिने सगळे खाल्ले आणि उठली मात्र नाही. दिवस कलल्यावर बोर्डिंगची स्वयंपाकीण बेबाबाई तिला हुडकत आली, तेव्हा तिने माझा पदर असा धरला की तो खांद्यापासून फाटला. बेबाबाईने ते पाहिले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का, मले ही पोरगी सापडली नही." आणि एकटीच परत गेली.

पुढच्या दिवसांत प्रमिलाने मला सांगितले. एका दमात नाही. तुरीच्या शेंगा सोलताना थोडे, केस विंचरून घेताना थोडे, तेही माझ्याकडे पाठ करून. इथल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक रतिलाल योसेफ हा बायबलातली वचने पाठ करून घेण्याच्या निमित्ताने तिला एकटीला आपल्या खोलीत बोलावत असे. त्याने त्या लेकरावर अत्याचार केला, एकदा नव्हे, अनेकदा. कोणाला सांगितलेस तर देव तुझ्यावर कोपेल, असेही तिला पढवले. याहून जास्त मी लिहिणार नाही. जास्त सांगायचे की नाही हा हक्क तिचा आहे. लाज सगळी त्याची आहे. त्याचे नाव मी इथे पूर्ण लिहिले आहे, कारण गेली दहा वर्षे ज्याला त्याला मी 'तो प्रकार', 'ती जुनी गोष्ट' असेच म्हणताना ऐकत आले.

कलम ५. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण ते वगळून पुढचे समजणार नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, मी लिहिते.

आम्हा केळीवाल्यांमध्ये कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. भांडायला जायचे असले तरी नाही. ठरलेली सोयरीक मोडायला गेलेला माणूससुद्धा घड घेऊन जातो, तो पुढे ठेवतो, घोटभर पाणी पितो आणि मगच तोंड उघडतो. समोरच्याला कळते, की हा वैर करायला नाही, न्याय मागायला आला आहे. यजमानांनी तेच केले. मळ्यातला भरदार घड स्वतः कापला, पागोटे बांधले, घड खांद्यावर घेतला आणि मिशनच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. हे साहेब आसपासच्या सगळ्या मंडळ्यांचे वरिष्ठ. मीही मागे गेले.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होते. म्हणाले, "जीवरामभाऊ, ही आमच्या मंडळीची घरची बाब आहे. आम्ही प्रार्थनापूर्वक विचार करू. बाहेर बोभाटा झाला तर देवाच्या कार्याला बाध येईल. तुमचे लोक आम्हाला हसतील."

यजमान म्हणाले, "साहेब, हसायसारखं काय हाय याच्यात? पोरगी रडत माझ्या मळ्यात आली. तिले आता मी घरची म्हनू का बाहेरची?"

साहेब उठले, यजमानांचा हात हातात घेतला आणि घडाबद्दल आभार मानले. आम्ही घरी आलो. मोठ्या माणसाने हात हातात घेतला आहे, आता न्याय होईल, असे आम्हा दोघांना खरोखर वाटले. मी त्या संध्याकाळी गोड केले होते.

त्या रविवारी त्यांच्यात हंगामाचा सण होता. त्या दिवशी लोक आपल्या शेतातले पहिले दाणे, भाज्या, कोंबड्या देवळात आणतात. सगळे व्यासपीठापुढे मांडतात आणि उपासनेनंतर तिथेच त्यांचा लिलाव होतो. कोणाला उपकाराचे दान द्यायचे असते, कोणाला केल्या चुकीची क्षमा मागायची असते. आम्हाला यातले काही माहीत नव्हते. आमचा घड त्यांनी मधोमध टांगला. व्यासपीठावर उभा राहिला तो रतिलाल योसेफच. त्याने भरल्या मंडळीला सांगितले, की बोर्डिंगच्या एका मुलीने देवाच्या सेवकाविषयी असत्य भाषण केले होते, तिला आता पश्चात्ताप झाला आहे, आणि तिला थारा देणाऱ्या गृहस्थाने क्षमा मागून हे फळ पाठवले आहे. प्रमिलाचे नाव त्याने मोठ्याने वाचले आणि ते मंडळीतून कमी केल्याचे जाहीर केले. मग घडाचा लिलाव झाला. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत.

हे सगळे बेबाबाईने दुपारी मळ्यात येऊन सांगितले. यजमान तसेच बंगल्यावर गेले. साहेब दौऱ्यावर, मग साहेब आजारी, मग साहेबांकडून निरोप आला की हा विषय आता संपला आहे. नाताळानंतर रतिलाल योसेफची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. हार घातले, फोटो काढला, बायकांनी निरोपाचे गाणे म्हटले. तिकडेही त्याला मुलींचे बोर्डिंगच दिले. काहीच झाले नव्हते तर बदली कशाला केली, आणि झाले होते तर हार कशाला घातले, एवढे मला कोणीतरी समजावून सांगावे अशी माझी फार इच्छा होती. आता राहिली नाही.

यजमानांनी त्यानंतर कोणाच्या दारात घड नेला नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरी लग्न होते, तिथेही मीच नेला. ते म्हणत, "माझ्याच हातानं मी पोरीले खोटं पाडलं." मी पुष्कळ समजावले. चार वर्षांनी ते गेले. शेवटच्या दुखण्यात प्रमिला त्यांना चमच्याने पेज भरवत असे. एकदा चमचा बाजूला सारून म्हणाले, "तो घड मी तुझ्यासाठी नेला व्हता वं. त्यांच्यासाठी नही."

ती म्हणाली, "मले माहीत हाय, आबा. पेज थंडी व्हईन, घ्या."

त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज घेतली. इतकी त्यांनी पुष्कळ दिवसांत घेतली नव्हती.

कलम ६. केळीचा मळा, विहीर, इंजिन, राहते घर आणि त्यातले सगळे सामान प्रमिलाला. ती कायद्याने माझी कोणी नाही. मी हिंदू, ती ख्रिस्ती. नव्या कायद्यातही मला तिला दत्तक घेता येत नाही. तिने धर्म बदलला तर जमेल, असे बन्सीलालने सुचवले. मी त्याला म्हटले, तिच्या आई-बापाचे म्हणून तिच्याजवळ तेवढेच राहिले आहे, ते मी कशी काढून घेऊ? म्हणून हा कागद.

तिने तिचा देव सोडला नाही. मला आधी नवल वाटे, की ज्या देवळात हिचे नाव असे घेतले, त्याच देवाची ही गाणी कशी गाते. एकदा विचारले तर म्हणाली, "देवानं नाव वाचलं नव्हतं, माय." भुसावळच्या मंडळीत मी तिला एकदा घेऊन गेले होते. तिथे बातमी आमच्या आधी पोहोचली होती. आमच्या बाकावर कोणी बसले नाही. मग ती घरीच प्रार्थना करू लागली. नाताळच्या दिवसांत वांगी ऐन बहरात असतात, म्हणून तिचा सण आमच्याकडे भरिताचा सण झाला. ती कंदील लावते, गाणे म्हणते, मी शेकोटीत वांगी भाजते. यजमान असताना तेही गाण्याला टाळ धरत, आणि टाळ नेहमी गाण्याच्या पुढे पळे.

धुळ्याला ट्रेनिंग करून ती आता शेजारच्या गावी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तरीण आहे. पोरे तिला भितात, पण ती एकाही पोराला दार लावून एकटे बसवत नाही. तिच्या वर्गाचे दार उघडेच असते. अजूनही मागून कोणी नाव घेतले तर ती दचकते. माझ्या घरात राहणाऱ्या सगळ्यांनी तिला समोरून हाक मारावी.

तिला माझ्या सूचना: पिलबाग, म्हणजे जुन्या केळीच्या पिलांवर घेतलेले पीक, तीन वर्षांवर ठेवू नकोस. इंजिनाचा पट्टा पावसाआधी बदल. भरितात मिरची थोडी जास्त घाल, तू घालतेस ती आजारी माणसाला चालेल अशी असते. लग्न कर किंवा करू नकोस. जो येईल तो तुझे ऐकणारा असावा, एवढे बघ. तुला मी जन्म दिला नाही, पण मला विचारशील तर माझ्या आयुष्यात तुझ्याइतके लाडके कोणी झाले नाही. माझ्या मुलाला मी पाच वर्षे पाहिले. तुला दहा वर्षे पाहिले. आणखी दहा मिळाली असती तर घेतली असती.

कलम ७. मिशनचे देऊळ ज्या जागेवर उभे आहे ते सहा गुंठे माझे आहेत. माझ्या सासऱ्यांनी देवाच्या कामासाठी म्हणून ती जागा तोंडी दिली. कागद केला नाही. सरकारदरबारी ती आजही माझ्या नावावर आहे.

गेल्या भाद्रपदात रतिलाल योसेफ मेला. याच देवळात त्याच्यासाठी मोठी सभा झाली आणि त्याला 'अनाथ मुलींचा पिता' म्हटले. त्यानंतर आठवड्याभरात नवे पाळक माझ्याकडे आले. तरुण आहेत, सालस आहेत, ओसरीवर चपला काढून बसले. त्यांची दोन कामे होती. एक, जागा मंडळीच्या नावावर करून द्यावी. दुसरे, देवळाच्या भिंतीवर रतिलाल योसेफच्या नावाचा संगमरवरी दगड बसवायचा आहे, त्याला हरकत नसावी. मी त्यांना विचारले, "त्यानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे का?"

ते खाली बघत म्हणाले, "मावशी, कानावर आले आहे. पण ते फार जुने आहे. तो माणूस आता देवाच्या न्यायासनापुढे आहे."

मी म्हटले, "तिथं तो गेलाच आहे. माझी पोरगी अजून तुमच्यापुढं आहे."

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. वाईट माणूस नाही. पण वरून आलेला दगड बसवणे त्याला सोपे आणि खालून आलेला शब्द बोलणे अवघड.

तेव्हा मी या कलमात असे लिहिले होते: एका रविवारी त्याच व्यासपीठावरून, भरल्या मंडळीत, मोठ्याने वाचून दाखवावे की प्रमिला खरे बोलली होती, रतिलाल योसेफने गुन्हा केला होता, आणि मिशनने तो झाकला. असे केले तर सहा गुंठे मंडळीचे, नाही तर देऊळ उचलून न्यावे. मला हे फार आवडले होते. वकिलांनाही आवडले होते. त्यांनी दोन ठिकाणी 'सदरहू' घातले.

प्रमिलाने ते वाचले आणि म्हणाली, "माय, हे खोड."

"कशाले?"

"ते वाचतील बी. रविवारी वाचतील अन् सोमवारी तलाठ्याकडे जातील. मंग लोक काय म्हनतील? जमिनीसाठी वाचलं. आधी घडाचा लिलाव झाला, आता माझ्या खऱ्याचा व्हईन."

मला राग आला. दहा वर्षे मी ज्या एका गोष्टीसाठी जीव धरून होते ती हातात आली होती आणि हीच नको म्हणते. मी ओरडले, "मंग तुले पाह्यजे तरी काय?"

तिने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "कोन्हीतरी सांगावं, माय. काही भेटनार नसताना. एका मानसानं सांगितलं तरी पुरे." आणि चुलीकडे गेली. मी कलम खोडले. खोडताना मला रडू आले, ते तिला दिसले नाही असे मी धरून चालते.

आता कलम असे: ते सहा गुंठे प्रमिलाला, ती जुनी अट काढून. देऊळ तिथेच राहू द्यावे, अशी तिची इच्छा आहे. तिथे येणाऱ्या गरीब बायकांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही. त्यांनी गावे, प्रार्थना करावी, त्यांच्याकडून कसलेही भाडे घेऊ नये. फक्त रतिलाल योसेफच्या नावाचा दगड त्या जागेवर, भिंतीवर किंवा आवारात बसवू नये. ही एक अट मी ठेवली. प्रमिलाने वाचली, हसली आणि म्हणाली, "ही राहू दे."

कलम ८. (खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी सही आहे.)

या कलमात मी विहिरीजवळची खोली बेबाबाईला हयातभर राहायला दिली होती. बेबाबाई बोर्डिंगात वीस वर्षे स्वयंपाक करते आहे आणि मिशनच्याच खोलीत राहते. नवरा नाही. दोन मुली मिशनच्या शाळेत शिकून नर्सा झाल्या, लांब आहेत. मिशनने उद्या जा म्हटले तर तिला जायला जागा नाही, म्हणून ते कलम होते.

ते का खोडले, ते सांगते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक लोटन, आमचा जुना गडी. दुसरे आमचे पोस्टमास्तर येणार होते, पण कागदात देवळाचा विषय आहे हे कळताच त्यांना ताप भरला. वकील घड्याळ बघू लागले. बेबाबाई सकाळपासून प्रमिलाबरोबर मेथी निवडत बसली होती. ती हात झटकत उठली आणि म्हणाली, "मी करते सही. मिशननंच शिकोली, करू दे मले."

वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला त्याच कागदातून काही मिळता कामा नये. बन्सीलाल कोर्टात गेला तर कागद अडचणीत येईल. तुम्हाला खोली दिलेली आहे."

"मंग माझं कलम खोडा."

मी तिला म्हटले, "बेबाबाई, इचार कर. ही सही पाहिली म्हंजे मिशनची खोली बी जाईन. अन् इठली तर तूच खोडायला लावली. म्हातारपनी राहशीन कुठी?"

ती म्हणाली, "अक्का, दहा वर्सं मी खोलीच सांभाळली." आणि वकिलांसमोर जाऊन बसली.

म्हणून कलम ८ रद्द. बेबाबाईला या कागदाने काहीही मिळत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. विहिरीजवळची खोली कलम ६ प्रमाणे प्रमिलाची आहे. ती तिथे कोणाला ठेवते, हे विचारायचा अधिकार कोणालाही नाही.

वर लिहिल्याप्रमाणे माझ्यामागे व्यवस्था लावण्याचे काम मी लीलाधर वकिलांवर सोपवते. त्यांनी ते निमूटपणे करावे. हा सगळा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, परत वाचला, तो बरोबर आहे, आणि खाली दोघांच्या देखत सही करते.

मुक्काम वडनेरी, तालुका यावल. मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८८१, बुधवार, तारीख ९ डिसेंबर १९५९.

(सही) सुंदरबाई भ्रतार जीवराम चौधरी

साक्षीदार पहिला: मी लोटन सुकदेव कोळी, धंदा मजुरी, राहणार वडनेरी. सुंदरबाईंनी माझ्यासमोर सही केली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरी: मी बेबाबाई भ्रतार पुना, धंदा स्वयंपाक, राहणार मिशन बोर्डिंग, वडनेरी. सुंदरबाईंनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर करते. वकीलसाहेब म्हणतात एवढंच लिहायचं असतं. पण मी साक्षीदार आहे तर मी पाहिलं ते लिहिते. प्रमिला खोटं बोलली नाही. पाळकाच्या खोलीतून ती रडत बाहेर आली तेव्हा मी दारात होते. मी त्याच दिवशी मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बेबाबाई, तुमच्या मुलींचं शिक्षण चालू राहावं असं वाटतं ना. माझ्या मुली शिकल्या. आता येत्या रविवारी उपासनेत मी उभी राहून हे सगळ्यांपुढे सांगणार आहे. मला कोणी सांग म्हटलेलं नाही आणि त्यातून मला काही मिळणार नाही. प्रमिला चुलीपाशी उभी राहून ऐकते आहे, म्हणून मी हे लिहिता लिहिता मोठ्यानं वाचते आहे.

(सही) बेबाबाई